मागून आणलेला रुपया

२ जानेवारी, गुरुवार

आज दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी, दोन वाजून बावीस मिनिटांनी आणि ठीक तीन वाजता मी महाल भागातल्या एका दुकानाला फोन केला. तिन्ही वेळा तो उचलला गेला नाही. नागपूरच्या इतिहासात याहून मोठे अन्याय झाले असतील, सीताबर्डीची लढाई वगैरे. पण त्या वेळी समोरचे लोक निदान जागेवर हजर होते.

प्रकरण असं की, गेल्या पावसाळ्यात डॉक्टरांनी रक्तदाबाच्या गोळीसोबत मला एक छंद लिहून दिला. बागकाम म्हणाले. तिसऱ्या मजल्यावर मी एक कोरफड मारून दाखवली, मग नाण्यांकडे वळले. नाण्यांना पाणी घालावं लागत नाही. चार महिन्यांत बत्तीस नाणी जमली, आणि काल एकावन्नावा वाढदिवस म्हणून ‘नाणेवैभव’ नावाच्या ऑनलाइन कंपनीकडून मागवलेला भोसलेकालीन रुपया घरी आला. अकरा हजार. मखमली पेटी, सोनेरी शिक्का, प्रमाणपत्र. सगळं इतकं अस्सल दिसत होतं की नाण्याबद्दल शंका आली.

परत करायची मुदत दहा दिवसांची, म्हणजे अकरा तारखेपर्यंत. तोवर कुणा जाणकाराला विचारावं म्हणून ताराचंद नावाच्या जुन्या नाणेविक्रेत्याचा नंबर शोधला. पुढचं वर आलंच आहे.

गप्प बसणं माझ्या प्रकृतीला मानवत नाही. इंटरनेटवर त्या दुकानाच्या नावाखाली एकही अभिप्राय नव्हता. मी पहिला लिहिला. एक स्टार. ‘ग्राहकसेवा शून्य. फोन उचलण्याचीही तसदी घेत नाहीत.’ सही: एक त्रस्त ग्राहक. रक्तदाब लगेच खाली आला.

३ जानेवारी, शुक्रवार

नाणेवैभवच्या मदत कक्षात ‘मेघा’ भेटली. मेघा हे यंत्र आहे, पण विनयशील आहे.

मी लिहिलं, नाणं खोटं वाटतं.
मेघा: ऐकून वाईट वाटलं. आपल्याला सोन्याच्या नाण्यांवरची सवलत पाहायला आवडेल का?
मी लिहिलं, माणसाशी बोलायचं आहे.
मेघा: नक्कीच! मी मेघा.

शेवटी तिनं ‘आपल्या तक्रारीची नोंद घेण्यात आली आहे’ असं कळवलं आणि निघून गेली. मी स्वतः एका सरकारी कार्यालयाच्या तक्रार निवारण कक्षात बसते. हे वाक्य मी दिवसातून वीसेक वेळा टाइप करते. पण माझ्या वाक्यात एक ऊब असते.

४ जानेवारी, शनिवार

महालात जाऊन आले. गल्ली इतकी अरुंद की समोरून स्कूटी आली तर कुणीतरी एकाला कुणाच्या तरी ओट्यावर चढावं लागतं. मी चढले.

दुकान म्हणजे एक फळी, एक काचेचं कपाट, एक तराजू आणि ताराचंदजी. वय पंच्याहत्तरच्या पुढे. समोर उमरेडची एक म्हातारी बसली होती. पदराच्या गाठीतून तिनं एक पैसा काढला होता. विकायचा नव्हता. फक्त त्याच्यावर काय लिहिलंय ते ऐकायचं होतं, म्हणजे मरताना नातीला सांगता येईल. ताराचंदजींनी तिला चाळीस मिनिटं दिली. मी घड्याळ बघितलं, खोकले, कपाट वाचून काढलं. कुणावर परिणाम नाही.

माझी पाळी आली तेव्हा मात्र त्यांनी पूर्ण लक्ष माझ्याकडे दिलं, हे लिहायला हवं. मध्येच दुकानाचा फोन वाजला. थांबला. पुन्हा वाजला. त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. इतका मान मला माझ्या कार्यालयातही मिळत नाही. बरं वाटलं.

माझा रुपया त्यांनी तळहातावर घेतला, अंगठा फिरवला, उठून उन्हात गेले, डोळ्याला भिंग इतकं चिकटवलं की नाणं पापणीला लागलं. मग तोलला.

“बाई, नवीन नवीन जमवून राहिल्या काय?”

“चार महिने झाले.”

“मंग पहिले नियम आयका. पहिला नियम—”

“काका, नियम नंतर. अकरा तारखेला मुदत संपते. मले फक्त सांगा, खरा का खोटा.”

ते थांबले. माणूस बोलताना मध्येच अडवला की दुसरा कुणी रागावतो. ते फक्त थांबले.

“खोटा. ओतीव आहे. पन माह्या म्हनन्यानं ते वापस घेनार नाई. त्याइले दाखवा लागन.”

असं म्हणून त्यांनी कपाटाच्या आतून एक पितळी डबी काढली. त्यात त्यांचा स्वतःचा रुपया. भोसल्यांचाच, त्याच घडणीचा, पण काळा. साधा काळा नव्हे. मध्ये करडा, कडेला निळसर. फारसी अक्षरं अर्धी नाण्यावर, अर्धी बाहेर राहिलेली. ते म्हणाले, खरं नाणं ठशानं ठोकलेलं असतं, खोटं साच्यात ओतलेलं; दोन्ही शेजारी ठेवून जवळून फोटो काढा. ओतलेल्यावर बारीक फोड दिसतील, ठोकलेल्यावर एकही नाही.

“घरी न्या. आठ-दहा दिवस ठेवा. पंचवीसले आमचं प्रदर्शन आहे, त्याच्या आंदी आनून द्या. पाच रुपयांचा सेट आहे माहा. हा पाचवा. तीस वर्सं लागले याले. मोतीबिंदू उतरून राहिला दोन्ही डोयात, म्हनून यंदा शेवटच्यानं मांडतो.”

मी पावती मागितली. म्हणजे त्यांनी माझ्याकडून लिहून घ्यावी असं म्हटलं. तीस वर्षं शोधलेली वस्तू ते अनोळखी बाईला देत होते.

“पावती कायले? तुमी आनूनच देसान.”

असा कारभार केला तर दुकान कसं चालायचं? माझा फोन नंबर मात्र त्यांनी लिहून घेतला.

७ जानेवारी, मंगळवार

दोन्ही नाण्यांचे चौदा फोटो पाठवले. फोड स्पष्ट दिसतात. एकदा पाहिल्यावर माझं नाणं चेहऱ्यावर पुरळ आल्यासारखं वाटतं. मेघानं अभिनंदन केलं आणि चांदीच्या नाण्यांवर सवलत देऊ केली.

१० जानेवारी, शुक्रवार

जिंकले. नाणेवैभवमधल्या एका खऱ्या माणसाचा फोन आला. तुलनेचे फोटो पाहून नाणं परत घेत आहेत. त्यानं दोनदा विचारलं, “मॅडम, ते दुसरं नाणं कुणाचं? विकायचं आहे का?” मी म्हटलं, ते तुमच्यासारख्यांना विकण्यासाठी नाही. आवाजात जरा ऐट आली. जणू माझंच होतं.

नवरा (चंपतराव, खापरखेड्याच्या वीज केंद्रात पाळीवर, उरलेला वेळ पलंगावर) म्हणाला, “त्या म्हाताऱ्याले फोन करून सांग तरी.” मी म्हटलं, संक्रांतीला स्वतः जाऊन सांगते, रुपयाही देते. फोन तसाही तो उचलत नाही.

१३ जानेवारी, सोमवार

भोगी. तीळ भाजले, लाडू वळले, हात मोकळाच होता.

आईचे दोन नियम होते. मागून आणलेलं भांडं घासून परत करायचं. आणि रिकामं परत करायचं नाही. उमरेडच्या कोष्टीपुऱ्यात आमच्या घरी मागणं इतकं चालायचं की कुठलं भांडं कुणाचं हे फक्त आतल्या पदार्थावरून कळायचं. पण मळकं भांडं कुणाच्या दारात गेलं नाही.

ताराचंदजींचा रुपया डबीतून काढला तर अक्षरांच्या खाचांत शे-दोनशे वर्षांचा मळ. म्हाताऱ्याला दिसत नाही बिचाऱ्याला. प्रदर्शनात हे असं मांडणार? चिंच भिजवली, मीठ घातलं, दात घासायचा जुना ब्रश घेतला. पंधरा मिनिटं घासलं. काळं पाणी गेलं आणि आतून असा लख्ख रुपया निघाला की मी एकटीच हसले. डबीही घासली. डबीत तिळाचे दोन लाडू ठेवले, वर बटर पेपर, त्यावर रुपया.

उद्या कार्यालयात तपासणी निघाली आहे. शनिवारी जाईन. म्हाताऱ्याचा चेहरा बघायचा आहे.

१४ जानेवारी, मंगळवार

नाणेसंग्राहकांच्या व्हॉट्सॲप गटात मी महिनाभर आहे, आजवर बोलले नव्हते. जेवणाच्या सुट्टीत रुपयाचे आधीचे आणि नंतरचे फोटो टाकले. खाली लिहिलं: ‘घरगुती उपाय! चिंच आणि मीठ!’

पाच मिनिटं गेली. मग एकानं लिहिलं, ‘भावपूर्ण श्रद्धांजली.’ मला वाटलं चुकीच्या गटात टाकलं. मग दुसऱ्यानं हात जोडले. तिसऱ्यानं लिहिलं, ‘ताई, ती काळी झाक दोनशे वर्षांत येते. तीच तर नाण्याची कातडी. तुम्ही सोलून ठेवलं.’ चौथा: ‘कृपया सांगा हे तुमचं स्वतःचं आहे.’

मी फोटो काढून टाकले. तोवर अठ्ठावन्न जणांनी पाहिले होते.

तपासणी अधिकाऱ्यानं विचारलं, तुमच्या कक्षात प्रलंबित काय आहे? मला काही आठवेना.

१५ जानेवारी, बुधवार

दोन वाजता तीन मिस्ड कॉल. महालचा नंबर. पहिला वाजला तेव्हा फोन हातातच होता. मी तो उलटा करून टेबलावर ठेवला. दुसऱ्या वेळी फाईल वाचत असल्यासारखं केलं. तिसऱ्या वेळी उठून पाणी प्यायला गेले.

ताराचंदजींना कळलं असणार. अठ्ठावन्न जणांतला एखादा महालचा असेलच.

संध्याकाळी विचार केला आणि मुद्दे काढले. एक: काम त्यांच्या हिताचं केलं. दोन: हेतू स्वच्छ. तीन, आणि सगळ्यात महत्त्वाचं: नाणं देताना सावधगिरीची सूचना देणं हे विक्रेत्याचं कर्तव्य होतं. त्यांनी मला सांगायला हवं होतं. असा मसुदा मी झोपेतही लिहू शकते.

चंपतरावांना वाचून दाखवला. ते कुशीवर वळले.

“आता तूच मेघा झाली वं,” म्हणाले.

त्यावर मी जे बोलले ते इथे लिहीत नाही. मग पुरावा काढायचा म्हणून हीच वही मागे उलटली. चार तारखेचं पान. ‘पहिला नियम—’ आणि त्यानंतरची आडवी रेघ. रेघ माझीच आहे. अक्षरही माझंच.

१६ जानेवारी, गुरुवार

इंटरनेटवर उपाय सापडला. उकडलेलं अंडं फोडून नाण्यासोबत बंद डबीत ठेवलं की गंधकाच्या वासानं चांदी काळी पडते. काही लोक असं करून नवं नाणं जुनं म्हणून विकतात.

एक अंडं उकडलं. सोललं. डबी उघडली. रुपया इतका चकचकीत की त्यात ट्यूबलाइट दिसत होती.

ताराचंदजींना दोन्ही डोळ्यांनी नीट दिसत नाही. कळणार नाही. पंचवीसला प्रदर्शनात मांडतील, आणि तिथे ज्यांना दिसतं ते बघतील. मग नाव कुणाचं जाईल? घासलेलं नाणं म्हणजे अडाणीपणा. पण मुद्दाम काळं केलेलं नाणं म्हणजे लबाडी. साठ वर्षं त्या फळीवर बसलेल्या माणसाच्या नावावर मी लबाडी चिकटवणार, तीही अंड्यानं.

अंडं मीठ लावून खाल्लं. डबी बंद केली.

१८ जानेवारी, शनिवार

गेले.

समोर एक जोडपं बसलं होतं, जावयाला चांदीचं नाणं द्यायचं म्हणून. मी ओट्यावर बसून राहिले. मधे फोन वाजला, वाजत राहिला. ताराचंदजी जोडप्याला सांगत होते की जावई नाण्याजोगा असेल तरच नाणं द्या, नाहीतर पॅन्टपीस पुरे. आज घाई नव्हती. ते जोडपं संध्याकाळपर्यंत बसलं असतं तरी मी काही म्हटलं नसतं.

मग मी समोर बसले आणि डबी पुढे केली. खूप बोलायचं ठरवलं होतं.

त्यांनी झाकण काढलं. आधी वास घेतला. मग रुपया उचलला, अंगठा फिरवला. एकदा. परत एकदा. अंगठा थांबला.

“घासला?”

“हाव.”

“चिंच?”

“चिंच अन् मीठ.”

त्यांनी रुपया झाकणावर ठेवला आणि रस्त्याकडे पाहिलं. एक सायकलवाला गेला, एक गाय गेली. मला वाटलं आता ओरडावं यांनी. ओरडले असते तर मला उत्तर देता आलं असतं.

“माही मायही चिंचच लावे,” ते म्हणाले. “माह्यीच चूक झाली. म्या तुमाले पहिला नियमच सांगतला नसन. वय झालं, ध्यानात राहत नाई.”

हा दरवाजा त्यांनी स्वतः उघडून दिला होता. बाहेर पडायला एक पाऊल पुरे होतं. माझा तिसरा मुद्दा मसुद्यात तयार होता.

“तुमी सांगत होते, काका,” मी म्हटलं. “मीच बोलू देलं नाई.”

त्यांनी मान हलवली. जणू त्यांना ते पाठ होतं, मला आठवतं का एवढंच बघायचं होतं. मग लाडू काढून चावला.

“गूळ चांगला आहे.”

मी नुकसान भरून देते म्हटलं. ते म्हणाले, ज्याची किंमत माह्यानं होत नव्हती ती तुमी कशी भरसान. मी म्हटलं, निदान प्रदर्शनात मांडू नका. ते म्हणाले, “चार मांडले तं लोक म्हनतीन, पाचवा इकला म्हाताऱ्यानं. जसा आहे तसा मांडतो.”

उठताना धीर करून विचारलं, बुधवारी फोन कशाला केला होता?

“त्या कंपनीनं वापस घेतला का नाई, ते इचाराले. मुदत होऊन गेली होती ना तुमची. मंग वाटलं, बाई कामात असन.”

मी चप्पल शोधत होते. ती पायातच होती.

“तसा मी फोनच्या बाबतीत बदनामच आहे,” ते हसत म्हणाले. “नातीनं दाखवलं मोबाइलात. कोनंतरी लिवलं, फोन उचलत नाई म्हनून. एक स्टार देला. आता समोर मानूस बसला असताना मी फोनवाल्याशी कसा बोलू, सांगा तुमी? जो चालत आला त्याचा नंबर पहिला नाई का?”

मी ‘हो’ म्हटलं. एवढंच म्हटलं. रुपयाचं कबूल करताना होता नव्हता तेवढा धीर खर्च झाला होता, स्टारसाठी उरला नाही.

२५ जानेवारी, शनिवार

प्रदर्शनाला दहालाच पोचले.

धरमपेठेतला एक हॉल, पन्नासेक टेबलं. ताराचंदजींचं टेबल खिडकीपाशी. निळ्या कापडावर पाच रुपये. चार काळे, भारदस्त, सभेला बसल्यासारखे. पाचवा लग्नात चुकून आलेल्या बँडवाल्यासारखा चमकत होता. लांबून आधी तोच दिसे.

लोक यायचे, वाकायचे, एकमेकांकडे पाहायचे, पुढे जायचे. ताराचंदजींना चेहरे दिसत नव्हते, पण पावलं थांबून लवकर निघतात हे ऐकू येत होतं. अकरा वाजता बळीराम आले. तेही जुने संग्राहक. बोटात चार अंगठ्या, मागे चार शिष्य.

“ताराचंद, तुह्या रुपयानं क्रीम लावली काय गा? लय गोरा दिसून राहिला.”

शिष्य हसले. ताराचंदजींचा एक शब्द पुरे होता. एक बोट माझ्याकडे करायचं होतं, मी तीन हातांवर उभी होते. त्यांनी हात मांडीवर ठेवला आणि तो तिथेच राहिला.

“साठ वर्सं लोकाइले शिकवलं, घासू नका म्हनून,” बळीराम मोठ्यानं म्हणाले. “अन् सोताच?”

पर्समध्ये कार्यालयाचं कोरं कार्ड होतं. तिथेच टेबलावर टेकून लिहिलं, वहीत लिहिते त्याच अक्षरात: ‘हा रुपया ताराचंदजींनी मला विश्वासानं दिला होता. मी तो घासला. पहिला नियम ते सांगत होते. मी ऐकला नाही.’ खाली पूर्ण नाव. पदही लिहिलं. तक्रार निवारण कक्ष. कार्ड पाचव्या रुपयाखाली ठेवलं.

बळीरामांनी वाचलं. शिष्यांनी वाचलं. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले, म्हणजे ताराचंदजींकडे बघेनासे झाले. बळीरामांनी रुपयावर वाकून बराच वेळ पाहिलं.

“ठोकलेला एक नंबर आहे पन,” ते हळूच म्हणाले, शिष्यांना ऐकू जाणार नाही इतकं हळू. आणि पुढच्या टेबलाकडे गेले.

ताराचंदजींनी विचारलं, “काय लिवलं?”

मी वाचून दाखवलं.

“कशानं घासला, तेही लिवा. चिंच, मीठ, बुरूश. लोकाइच्या कामी येईन.”

लिहिलं. दुपारनंतर त्या टेबलाशी गर्दी झाली. अर्धे लोक रुपया बघायला यायचे, अर्धे कार्ड वाचायला, आणि किमान तिघी बायका कार्ड वाचून घाईघाईनं घरी फोन लावताना मी पाहिल्या.

बक्षीस दुसऱ्या कुणाला मिळालं. ते मिळणारच होतं.

१ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी अभिप्राय काढून टाकला. पाच स्टारचा नवा लिहायला घेतला होता, पण खाली नाव टाकायची वेळ आली आणि लक्षात आलं की आता त्यांच्या नातीला माझं नाव माहीत आहे. तारखाही जुळवेल. लिहून काही फिटण्यासारखं नव्हतं. दुपारी महालात गेले.

उमरेडची ती म्हातारी पुन्हा आली होती, आज दोन पैसे घेऊन. ताराचंदजी तिला एकेक अक्षर सांगत होते. मला ओट्यावर बसायची खूण केली. पुढच्या महिन्यात एका डोळ्याचं ऑपरेशन ठरलं आहे म्हणे.

फोन वाजला. थांबला. पुन्हा वाजला. त्यांची मान हलली नाही. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा मी चप्पल काढून आत गेले आणि उचलला.

पलीकडे एक गृहस्थ. मौद्याहून बोलत होते. सकाळपासून तीन वेळा फोन केला, ही काय पद्धत झाली, तुमच्याकडे ग्राहकाला काही किंमत आहे की नाही. वाक्यं ओळखीची होती. मी सगळं ऐकून घेतलं. मध्ये बोलले नाही.

“बरोबर आहे तुमचं,” मी म्हटलं. “काकांच्या समोर माणूस बसला आहे, ते झाले की बोलतील. तोवर मला सांगा. नाणं कुठे आहे आत्ता?”

“हातात आहे. लय काळं पडलंय, म्हटलं पहिले जरा—”

“ठेवा खाली,” मी म्हटलं. “पहिला नियम ऐकून घ्या.”